चमेलीचं पथ्य

गोपिकाबाई लग्न होऊन गांधीबागेमागच्या गल्लीत आली तेव्हा सासरच्या तबेल्यात तांग्याचा घोडा होता. माहेरी तिनं बैल पाहिले होते, म्हशी पाहिल्या होत्या, घोड्याजवळ मात्र कधी गेली नव्हती. सासूनं पहिल्याच आठवड्यात तिच्या हातात खरारा दिला आणि घोड्याचं अंग घासायला लावलं. ती डोळे मिटून घासत होती आणि नवरा गोविंदा दारात उभा राहून हसत होता. म्हणाला, "तो तुयाकडं पाहूनबी नाई राहिला, तू काहून भेतं?"

पुढे ऑटो आले आणि तांगे गेले. घोडा म्हातारा होऊन मेला. गोविंदाला घोड्यावाचून दुसरं काही येत नव्हतं, आणि यायला पाहिजे असं त्याला वाटतही नव्हतं. त्यानं वरातीसाठी एक पांढरी शिंगरी आणली. पायांचा नुसता गुंता होता तेव्हा ती. तिला चमेली नाव ठेवलं. मुलगा अंकुश तेव्हा शाळेत होता. गोपिकाबाई म्हणायची, मले दोन लेकरं, एक पाटी घेऊन जाते आन एक तोबरा घेऊन बसते.

आमच्या नागपुरात नवरदेव घोडीवर चढायच्या आधी त्याची बहीण पुढे होते. बहीण नसली तर आई. पदरात भिजवलेली हरभऱ्याची डाळ घेऊन ती घोडीसमोर उभी राहते. घोडीनं पदरातून डाळ खाल्ली की मग नवरदेवानं रिकिबीत पाय ठेवायचा. ही रीत मुळात कुणाची, कुणी कुणापासून घेतली, कुणाला माहीत नाही, पण आता सगळ्या गल्लीची झाली आहे. घोडीनं तोंड फिरवलं तर बायकांच्या मनात पाल चुकचुकते. चमेलीनं कधी तोंड फिरवलं नाही. ती ओठ लांब करून अशी हलकेच डाळ टिपायची की पदर ओला व्हायचा तेवढाच. आजूबाजूच्या घरांमध्ये अशी एक तरी बाई सापडेल जिचा भावाच्या नाहीतर लेकाच्या लग्नातला शालू चमेलीनं ओला केला आहे.

गोविंदा काविळीनं गेला. अंकुश तोवर हिंगण्याच्या कंपनीत लागला होता, त्याची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. त्यानं स्पष्ट सांगितलं की मी लगाम धरून लोकांच्या वरातीत चालणार नाही, घोडी कुणाला तरी देऊन टाकू. गोपिकाबाईनं महिनाभर ऐकून घेतलं. मग एक दिवस गोविंदाचा फेटा स्वतःच्या डोक्याला नाही, पण कमरेला गुंडाळला आणि लगाम हातात घेऊन वरातीला गेली.

बाई माणूस घोडी घेऊन आलेली पाहून बँडवाले वाजवायचं थांबले. त्यांचा म्होरक्या मोठ्यानं म्हणाला की चला, आता नवरदेवाले मावशी बोट धरून मांडवात नेते. सगळे हसले. गोपिकाबाई म्हणाली, "तुमाले तर तुमची बायको बोटबी नाई लावत, तुमी कायले बोलता गा?" मग त्याच्यावर हसले. त्या दिवसापासून बँडवाले तिला मावशी म्हणायला लागले आणि तिची घोडी पुढे घेतल्याशिवाय पहिला ठोका पडेनासा झाला.

हे असं बरीच वर्षं चाललं. वाईट दिवस नव्हते ते. अंकुशचं मन मात्र त्यात कधी रमलं नाही.

पुढे लग्नं गल्लीतून उठून बेसा आणि त्याच्याही पलीकडच्या लॉनांवर गेली. तिकडे सगळे रस्ते सिमेंटचे. चमेलीला गोविंदानं ढोलाच्या ठोक्यावर पाय आपटायला शिकवलं होतं, पण ते मातीच्या अंगणात. सिमेंटवर पाय आपटला की त्याचा हादरा वर खांद्यापर्यंत जातो हे गोपिकाबाईला कळत होतं. ती लगाम आखूड धरून घोडीला नुसती चालवत नेई. कुणी नाचवा म्हटलं तर म्हणे, ती म्हातारी झाली, तुमीच नाचा.

त्या मे महिन्यात बेसा भागातल्या एका वरातीत नवरदेवाचे मित्र ऐकेनात. डीजे इतका मोठा होता की गोपिकाबाईला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. पोरांनी चमेलीभोवती गोल केला आणि टाळ्या पिटायला लागले. नवरदेव वरून म्हणाला, मावशी, एकदाच. त्याची बहीण, जिनं थोड्या वेळापूर्वी पदरातून डाळ भरवली होती, तीही हात जोडून हसत म्हणाली, एकदाच ना मावशी. गोपिकाबाईनं लगाम सैल सोडला.

चमेली नाचली. पुढचे पाय उचलून आपटत ती गोल फिरली, आणि तिचा उजवा पाय गटाराच्या लोखंडी झाकणाच्या वर आलेल्या कडेवर पडला. पडली नाही. एकदम थांबली फक्त, आणि तो पाय उचलून धरला. पोरांना वाटलं हीसुद्धा नाचातलीच अदा आहे. त्यांनी शिट्ट्या मारल्या.

गोपिकाबाईनं पाय हातात घेऊन पाहिला. रक्त नाही, खडा नाही, नाल जागेवर. मुका मार असेल, असं तिला वाटलं. नवरदेवाला उतरवून ती बाजूला झाली. तिला आणून सोडणारा टेम्पोवाला दुसऱ्या वरातीला निघून गेला होता आणि फोन उचलत नव्हता. थोडा वेळ वाट पाहून तिनं चमेलीला पायी घरी आणलं. बेसा ते गांधीबाग, सगळा रस्ता सिमेंटचा. घोडी दर पावलाला मान खाली घालत होती आणि गोपिकाबाई तिला म्हणत होती, चाल माय, आलं घर, आलं.

सकाळी चमेली तो पाय टेकवायलाच तयार नव्हती.

आधी नालबंद शब्बीरभाई आले. गोविंदाच्या वेळेपासून चमेलीच्या पायांना त्यांचाच हात. त्यांनी नाल काढली, खुराचा तळ थोडा खरवडून पाहिला, आत पू असेल असं त्यांना वाटत होतं, तो निघाला नाही. मग मोठ्या चिमट्यानं खूर दोन्ही बाजूंनी हलकेच दाबला. चमेलीनं पाय हिसडला आणि भिंतीला जाऊन टेकली. शब्बीरभाई उठून उभे राहिले. म्हणाले, "भाभी, खूर में कुछ नाई. दर्द अंदर हाय. मेरे बस का नाई, डाक्टरले दाखवा."

जनावरांची डॉक्टर दीप्ती तरुण होती, पण बोलायला शांत. पेटीएवढं एक्स-रेचं यंत्र घेऊन ती तबेल्यातच आली. पहिल्या फोटोत काही दिसलं नाही. ती म्हणाली की बारीक चीर सुरुवातीला लपते, काही दिवसांनी परत काढू. परत काढला तेव्हा दिसली. काळ्या काचेवर पांढरं हाड, नांगराच्या फाळासारखं, आणि त्याच्या एका बाजूला केसाएवढी काळी रेघ.

तिनं गोपिकाबाईला समजावून सांगितलं. खूर म्हणजे आपल्या नखासारखंच, पण त्या नखाच्या आत एक हाड बसलेलं असतं आणि घोड्याचा सगळा भार त्या हाडावर येतो. ते चिरलं आहे. गोपिकाबाईनं विचारलं, प्लास्टर घालाल का. डॉक्टर म्हणाली की खूरच त्याचं प्लास्टर आहे, फक्त ते पाय टेकताना पसरू नये एवढं पाहायचं. मागून बंद असलेली गोल नाल ठोकायची आणि तिच्या दोन्ही बाजूंना वर वळवलेल्या पाकळ्या ठेवायच्या. मग उभं राहायचं. चालणं नाही, फिरवणं नाही, पावसाळाभर आणि त्यानंतरही. शब्बीरभाईंनी डॉक्टरनं कागदावर काढून दिली तशी नाल घडवली, दोघांनी मिळून ती बसवली.

जाताना डॉक्टर दारात थांबली.

"आणखी एक, काकू. खायला फक्त वाळलेलं गवत. दाणा बंद, चणे बंद, गूळ बंद, पोळीचा तुकडासुद्धा नको."

"हाड जुळाले ताकद नाई लागन का?"

"गवतात आहे तेवढी पुरे. उभ्या जनावराला दाणा आणि गोड दिलं की त्याची आग पायात उतरते. खुराच्या आत हाड ज्याला धरून असतं तेच सुटतं. सगळा भार आता डाव्या पायावर आहे. तो बिघडला तर मी काही करू शकणार नाही."

गोपिकाबाईनं मान हलवली. तिनं ऐकलं नाही असं नाही. पण तिच्या मनात घर केलं ते त्या केसाएवढ्या रेघेनं. खाण्याचं तिला इतर पथ्यांसारखं वाटलं, माणसाचे डॉक्टर आंबट खाऊ नका म्हणतात तसं.

पावसाळा लागला. चमेली टिनाखाली तणसावर, भाताच्या पेंढ्यावर, उभी. दिवसातून कितीदा तरी गोपिकाबाई तिच्या मानेला हात लावून यायची. रोज टेकडीच्या गणपतीला जाऊन यायची आणि एवढंच मागायची, देवा, तिले तिच्या पायावर उभी कर. कामाला नेता आली नाही तरी चालेल, असंही म्हणायची, आणि म्हटल्यावर तिला वाटायचं की आपण देवाशी घासाघीस करून राहिलो.

अंकुशला हे सगळं पटत नव्हतं. पाळीवरून आला की तबेल्याच्या दारातून पाहायचा आणि म्हणायचा की जनावराचे हाल आहेत, आपलेही हाल आहेत, मोडलेल्या पायाचा घोडा कधी उभा झाला का जगात. गोपिकाबाई म्हणायची, "तू पाळण्यात होता तवा तुया पाय वाकडा होता, तुयाबी पायाचं असंच म्हणत होते लोकं. फेकून दिलं का तुले?" तो दारातून मागे फिरायचा. रागानं नाही. त्यालाही चमेलीकडे पाहवत नव्हतं.

आणि मग बायका यायला लागल्या.

पहिल्या आल्या सुहासिनीताई. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घर, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या. त्यांचा विक्रम चमेलीवर बसून लग्नाला गेला होता आणि त्याला बहीण नसल्यामुळे डाळ त्यांनीच भरवली होती. वाटीत भिजवलेले चणे आणि गुळाचा खडा घेऊन त्या आल्या. गोपिकाबाईनं डॉक्टरचं सांगितलं. सुहासिनीताईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "हाड मोडलं की आपण माणसाला डिंकाचे लाडू देतो, हळद-दूध देतो. आणि हिला तू नुसतं गवत? पोटच्या लेकराला असं ठेवलं असतंस का गं?" वाटी तशीच परत घेऊन गेल्या.

गोपिकाबाईला दिवसभर ते लागलं. पण पुढच्या वेळीही तिनं नाहीच म्हटलं, आणि त्याच्या पुढच्याही. कोपऱ्यावरची सरिता शनिवारी घोड्याला घालतात ती चण्याची ओंजळ घेऊन आली, तिलाही परत पाठवलं. सरिता हसत म्हणाली, घोडीचं डाएट चालू आहे वाटते. मागून कुणी तरी म्हणालं की घोडीपेक्षा मालकीणच जास्त भाव खाऊन राहिली. हळूहळू बायका तबेल्याच्या दाराशी थांबेनाशा झाल्या. गोपिकाबाई चमेलीला गवत टाकायची. चमेली ते हुंगायची, मग मान उचलून तिच्या पदराकडे तोंड न्यायची आणि ओठ लांब करायची. गोपिकाबाई पदर आवरून बाहेर यायची. चूल पेटवताना धुरानं आलं म्हणून डोळे पुसायची.

भाद्रपदात डॉक्टरनं पुन्हा फोटो काढला. बराच वेळ तिनं तो उजेडाकडे धरून पाहिला. रेघ फिकी झाली होती. एका ठिकाणी तर दिसतच नव्हती.

"जुळून राहिलं?" गोपिकाबाईनं विचारलं.

"जुळतंय. माझ्या अंदाजापेक्षा चांगलं जुळतंय. पण काकू, अजून काही बदलायचं नाही हं. जसं चाललं आहे तसंच."

गोपिकाबाईनं तिच्या पाया पडायला वाकून तिला घाबरवून सोडलं. डॉक्टर गेल्यावर ती गल्लीभर सांगत सुटली. ज्या बायकांशी महिना महिना नीट बोलणं नव्हतं त्यांच्या दारात जाऊन तिनं सांगितलं. सुहासिनीताईंनी तिला आत बोलावलं, चहा दिला. त्यांच्या घरी महालक्ष्म्यांची तयारी चालली होती, मुखवटे पुसून ठेवले होते. त्या म्हणाल्या, देवीनंच ऐकलं बघ तुझं. गोपिकाबाईला ते पटलं. इतक्या दिवसांचा मनावरचा दगड उतरला की माणूस जरा मोकळं होतं, हात सैल पडतो. तसंच झालं.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी संध्याकाळी सुहासिनीताई स्वतः ताट घेऊन तबेल्यात आल्या. पुरणपोळी, वर तूप, आंबील, कढी, वडे. गोपिकाबाईला वाटलं आपल्यासाठी आणलं. त्यांनी तिच्यासाठीचं वेगळं ठेवलं आणि पोळी हातात घेऊन म्हणाल्या, "ही चमेलीची. देवीपुढचा नैवेद्य आहे. आता नाही म्हणू नको."

नैवेद्याला नाही कसं म्हणायचं? चणे परत पाठवता येतात, प्रसाद परत पाठवता येत नाही. तो फेकता येत नाही, पायदळी येऊ देता येत नाही. आणि देवीनंच हाड जुळवलं तर देवीचा घास तिला का नको? गोपिकाबाईच्या मनात डॉक्टरचा चेहरा आला. एका पोळीनं काय होते, असं तिनं त्या चेहऱ्याला सांगितलं. चमेलीनं ओठ लांब केले आणि पोळी घेतली, इतक्या महिन्यांनी. सुहासिनीताईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

एका पोळीवर ते राहिलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण त्या गल्लीत महालक्ष्म्या एका घरी बसत नाहीत. सुहासिनीताई गेल्या आणि सरिता आली, तिच्या वाटीत पुरण. मग मागच्या चाळीतल्या दोघी आल्या. प्रत्येकीला वाटत होतं की आपलाच घास पहिला. एकीचा घेतला आणि दुसरीचा नाही, हे कोणत्या तोंडानं करायचं? सगळ्यांच्या देवी सारख्याच. दुसऱ्या दिवशी विसर्जन झालं आणि उरलेला नैवेद्य आला. एरवी तो गाईला घालतात, पण गल्लीत आता गाय कुणाची राहिली नव्हती. चमेलीच्या गव्हाणीत पुरण, पोळ्या, भिजवलेली डाळ, कुणी गुळाची अख्खी भेली फोडून टाकलेली. बायका तिच्या मानेवरून हात फिरवत होत्या, आपापल्या लग्नाच्या गोष्टी सांगत होत्या, हसत होत्या. इतके दिवस सुनासुना पडलेला तबेला पुन्हा भरला होता. गोपिकाबाई त्यांच्यात उभी होती आणि तिला बरं वाटत होतं. गोविंदा गेल्यापासून इतकं बरं तिला कधी वाटलं नव्हतं.

त्यानंतरच्या सकाळी ती गवत घेऊन गेली तेव्हा चमेली वेगळीच उभी होती. पुढचे दोन्ही पाय लांब पुढे टाकलेले, सगळं अंग मागे रेललेलं, तापल्या तव्यावर उभं केल्यासारखी. गोपिकाबाईनं वाकून डाव्या खुराला हात लावला. खूर चुलीवरून उतरवलेल्या भांड्यासारखा गरम होता. मग उजवा पाहिला, बंद नाल ठोकलेला. तोही तसाच. कुणी सांगायची गरज नव्हती. डॉक्टरचा शब्द अन् शब्द तिला आठवला.

डॉक्टर आली, पाहिलं, खुराच्या वरची नस बोटानं धरून पाहिली.

"काय खाल्लं हिनं?"

खोटं बोलता आलं असतं. गोपिकाबाईनं सगळं सांगितलं. कुणी दिलं ते नाव घेऊन सांगितलं नाही. म्हणाली, "देवीचा प्रसाद होता. मीच घातला."

डॉक्टर दीप्ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं उठून बर्फ आणायला सांगितलं. अंकुश पाळी बुडवून बर्फाच्या लाद्या मोटरसायकलला बांधून आणायला लागला. पाय बर्फात ठेवले, तणसाखाली रेती पसरली, दुखणं कमी व्हायची औषधं दिली. शब्बीरभाईंनी नाल काढली, खुराखाली मऊ गादी बांधली. जे जे करायचं ते सगळं केलं. अंकुश एक शब्द आईला बोलला नाही. रेतीच्या पाट्या वाहून आणताना त्याची पाठ धरली तरी थांबला नाही. एवढ्या वर्षांत तो चमेलीजवळ इतका कधी राहिला नव्हता.

काही दिवसांनी दोन्ही पायांचे फोटो काढले. उजव्या पायातलं चिरलेलं हाड जुळलेलं होतं. रेघ शोधावी लागत होती. आणि दोन्ही खुरांच्या आत ती हाडं जागेवरून सुटून टोकानं खाली वळली होती, डावं तर तळाला भिडायच्या बेतात होतं. डॉक्टर म्हणाली की आता ते खालून बाहेर येईल. चमेली उठत नव्हती. उठवली तर थरथरत उभी राहायची आणि पुन्हा बसायची. कुशीला जखमा पडल्या होत्या.

"सुई देऊन झोपवावं लागेल, काकू. मी तुम्हाला जबरदस्ती करणार नाही. पण ह्याच्यापुढे काही नाही."

गोपिकाबाईनं चमेलीच्या मानेवर हात ठेवला. मग विचारलं, "तुमाले पाप नाई लागत का?"

"लागत असेल," डॉक्टर म्हणाली. "पण तिला असं ठेवणं माझ्यानं होत नाही."

अंकुश भिंतीला टेकून उभा होता. गोपिकाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. आयुष्यभर ही घोडी देऊन टाक म्हणणारा तो पोरगा. तोंड फिरवून उभा राहिला. ठरवायचं तिलाच होतं, आणि तिनं ठरवलं.

सकाळच्या उन्हात झालं. गोपिकाबाईनं चमेलीचं डोकं मांडीवर घेतलं. कपाळावरून हात फिरवत रामनाम घेत राहिली. डॉक्टरनं सुई दिली. फार वेळ लागला नाही. शब्बीरभाई बाहेर गल्लीत टोपी हातात घेऊन उभे होते.

महानगरपालिकेची गाडी येऊन गेल्यावर बायका आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी रिकाम्या तबेल्याकडे पाहिलं आणि रडल्या. सुहासिनीताई आत येऊन गोपिकाबाईजवळ बसल्या. त्यांना हे समजत नव्हतं की हाड जुळलं म्हणत होते, मग एकाएकी झालं काय. त्यांनी तेच विचारलं. मग गोपिकाबाईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "जाताना तिच्या तोंडी देवीचं पुरण पडलं गं. उपाशी नाही गेली. एवढं तरी पुण्य आपल्या हातून घडलं."

अंकुशनं मान वर केली. त्याचं तोंड उघडलं. गोपिकाबाईनं त्याच्याकडे एकदा पाहिलं, तसं त्यानं ते मिटलं.

"होय ताई," ती म्हणाली. "तिचं तेवढंच होतं."

बायका गेल्या. अंकुश कामावर जायला निघाला होता. दारात चप्पल घालता घालता थांबला. "काहून नाई सांगतलं माय?"

"सांगून का करू?" गोपिकाबाई म्हणाली. "पुढच्या सालीबी तिच्या घरी महालक्ष्म्या बसतीन. पुरण वाटतानी हात कापन तिचा. कायले?"

"आन तुया?"

तिनं जेवणाचा डबा त्याच्या हातात दिला. तो मोटरसायकल काढून हिंगण्याला गेला.

गोपिकाबाईनं तबेल्यातली रेती पाटीनं बाहेर काढायला घेतली, अर्धी काढली आणि सोडून दिली. दिवस गेला. दिवे लागायची वेळ झाली तशी उठली, हातपाय धुतले, देवापुढे वात लावली आणि हात जोडून उभी राहिली. काय मागावं ते तिला सुचेना.